सातव्या किलोमीटरचा खांब

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि बहुधा तिथंच राहिलं. बाकी सगळे तिला खडीबाई म्हणत. रस्त्याच्या टोळीत ती एकविसाव्या वर्षी आली. पहिल्याच दिवशी मुकादमाने तिला खडीच्या ढिगापाशी बसवलं आणि जाड-बारीक वेगळं करायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत तिने मोठी, मध्यम, बारीक आणि कच, म्हणजे दगडाचा चुरा, असे चार ढीग इतके नेटके लावले, की मुकादम म्हणाला, "ही बाई धान्य निवडावं तशी खडी निवडते!" नाव पडलं ते पडलं. तिलाही त्याचं वावडं नव्हतं. उलट कुणी 'अहो ताई' म्हटलं, की दुसऱ्याच कुणाला हाक मारली असेल असं समजून ती मागे वळून बघायची.

नवरा त्याच टोळीत होता. रस्त्यावर पांढरे पट्टे मारायचं काम त्याच्याकडे. माणूस मोठा गमत्या. म्हणायचा, "अख्खं जग मी आखलेल्या रेघेवरून चालतं, घरात मात्र माझं कुणी ऐकत नाही." एका दुपारी, भर उजेडात, सरळसोट रस्त्यावर एका ट्रकने ती रेघ ओलांडली. खडीबाई तीसेक पावलांवर लाल निशाण धरून उभी होती. तिने निशाण दाखवलं होतं, ओरडलीही होती. ट्रकवाला नंतर म्हणाला, दिसलंच नाही. चौकशीत पाच जणांनी साक्ष दिली, की बाईने निशाण वेळेत दाखवलं होतं. त्या साक्षीचा तिला काडीचा उपयोग झाला नाही. हॉर्न वाजला की तिचे खांदे आपोआप कानांपर्यंत वर जायचे, आणि रस्त्याच्या टोळीत हॉर्न दिवसातून हजारदा वाजतो. सात वर्षं तिने तशीच काढली. लेक शिकत होती, आणि दुसरं कुठलं काम तिला येत नव्हतं.

मग खाणीच्या रेल्वेचा तो रस्ता झाला.

शहराबाहेरच्या डोंगरात एकेकाळी दगडाची खाण होती आणि तिथून मालधक्क्यापर्यंत एक छोटी रेल्वे धावायची. खाण बंद पडली, रूळ उचलून भंगारात गेले, उरला तो चौदा किलोमीटरचा भराव. झुडपांनी भरलेला, मधेच एका टेकडीतून कापलेल्या खिंडीतून जाणारा, आणि पार तलावापर्यंत पोचणारा. खात्याने ठरवलं, इथे सायकलींचा रस्ता करायचा. डांबर नाही, काँक्रीट नाही. खाली जुनी खडी, वर मुरूम, त्यावर कच, आणि रोलर फिरवून घट्ट केलेला तीन मीटर रुंदीचा पट्टा. मोटारगाडीला मज्जाव. पायी चला, नाहीतर पायडल मारा.

देखभालीला एक माणूस हवा होता. त्या आडबाजूला एकटं राबायला कुणी तयार होईना. साहेबांनी, म्हणजे खात्याच्या इंजिनियरने, टोळीपुढे विचारलं तेव्हा खडीबाईने हात वर केला. तिने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कामासाठी हात वर केला होता.

पहिल्या दिवशी ती दाताळं, फावडं, घमेलं आणि एकचाकी ढकलगाडी घेऊन आत शिरली. फाटक मागे पडलं, वळण मागे पडलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतोय. कचेवर पाऊल पडलं की करकर व्हायचं. दुसरं काही नाही. तिने तासभर काम केलं आणि मग खाली बसून रडून घेतलं. का ते तिलाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी लेकीला एवढंच म्हणाली, "तिथे खांदे खाली राहतात गं."

लेक कापडाच्या दुकानात काउंटरवर होती. जिभेची तिखट, पण आईवर जीव टाकणारी. पुढच्या काही महिन्यांत ती म्हणायला लागली, "आई, तू त्या रस्त्याशी दुसरं लग्न लावलंस." ते काही अगदीच खोटं नव्हतं. पाऊस पडून गेला की खडीबाई उजाडताच बाहेर पडायची. कुठे पाणी साचलंय, कुठे चराचं तोंड बुजलंय, कुठे कच वाहून गेली, सगळं बघायची. सायकलींच्या चाकोऱ्या खोल होण्याआधीच ती दाताळ्याने कडेची कच मधे ओढून घ्यायची, पाणी मारून धुमसाने ठोकायची. कुठल्या किलोमीटरला मुरूम तांबडा आणि चिकट, कुठल्या किलोमीटरला पांढरट आणि भुसभुशीत, हे तिला डोळे मिटून पायांनी कळायचं. सायकलवाले तिला हात करायचे. ती मान हलवायची. बोलायला ती फारशी कुणाजवळ थांबत नसे.

अपवाद मास्तरांचा.

मास्तर म्हणजे शिंपी. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका खोलीचं दुकान होतं, दोन मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि भिंतीला लावलेला लांबच लांब आरसा. वय बासष्ट. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाने एकदा दगा देऊन पाहिला होता. डॉक्टर म्हणाले, रोज सायकल चालवा. मास्तर म्हणाले, "रस्त्यावर सायकल चालवून ट्रकखाली जाण्यापेक्षा हृदयाने गेलेलं बरं, कपडे तरी फाटत नाहीत." आणि खुर्चीत बसून राहिले. वर्षभर बसून राहिले. दुकान बायकोने ओढलं.

हा रस्ता झाल्यावर बायकोनेच त्यांना जबरदस्तीने तिथे नेऊन सोडलं. पहिल्या दिवशी दोन किलोमीटरला त्यांची दमछाक झाली. खडीबाई तिथेच चर साफ करत होती. तिने डब्यातलं पाणी पुढे केलं आणि म्हणाली, "मैलाचे दगड मोजू नका. झाडं मोजा. झाडं लवकर येतात."

चार महिन्यांत मास्तर तलावापर्यंत जाऊन यायला लागले. रोज सकाळी साडेसातला आत शिरायचे आणि आठच्या सुमारास जिथे खडीबाई असेल तिथे सायकल टेकवायचे. पाच मिनिटं बोलायचे. तिच्या घोट्यांना कच लागून जखमा व्हायच्या, ते पाहून त्यांनी जाड कॅनव्हासच्या पट्ट्या शिवून आणल्या. "माप न घेता शिवलंय," ते म्हणाले, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा. बसल्या नाहीत तर दुकान बंद करतो." पट्ट्या बरोबर बसल्या. नवरा गेल्यापासून कुणी तिच्यासाठी काही करून आणलं नव्हतं. ती फक्त म्हणाली, "दुकान चालू ठेवा."

रस्त्याला तीन फाटकं होती. एक शहराच्या टोकाला, एक तलावापाशी आणि एक मधे, सातव्या किलोमीटरला, जिथे शेतांकडे जाणारा डांबरी रस्ता आडवा यायचा. प्रत्येक फाटकात कडेला सायकलपुरती फट आणि मधे लोखंडी खांब. खांब खाचेतून उचलता यायचा, पण त्याला कुलूप असे. किल्ल्यांचा एक जुडगा खडीबाईच्या कमरेला, दुसरा ऑफिसात.

दुखणं सुरू झालं ते मधल्या फाटकापाशी. पलीकडे वीटभट्ट्या होत्या. त्यांच्या टेंपोवाल्यांना शोध लागला, की या रस्त्याने शहरात शिरलं तर नऊ किलोमीटर वाचतात. कुलूप तुटलं. शहराकडच्या फाटकाचंही तुटलं. खडीबाईने दोन्हीकडे नवं लावलं. तेही तुटलं. तिसऱ्यांदा तर खांबच उचलून चरात फेकलेला. टेंपो जाऊन आला, की तिचा महिन्याचा घाम एका फेरीत पाण्यात जायचा. दोन खोल चाकोऱ्या, मधे उंचवटा, कच दोन्हीकडे उधळलेली. ती आडवी उभी राहून भांडायची. टेंपोवाले हसायचे. "बाई, तुझ्या बापाचा रस्ता आहे का?" एकाने विचारलं. "नवऱ्याचा आहे," ती म्हणाली. त्याला काही कळलं नाही.

आणि एका सकाळी खिंडीत, जिथे दोन्ही बाजूंना दगडाच्या उभ्या भिंती आणि बाजूला व्हायला हातभरही जागा नाही, तिथे समोरून टेंपो आला. मास्तर भिंतीला घासत पडले. कोपर सोलवटलं, पुढचं चाक वाकलं. टेंपो थांबलासुद्धा नाही. खडीबाई धावत पोचली तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते आणि हसायचा प्रयत्न करत होते, पण ओठ पांढरे पडले होते.

"आता बास," खडीबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "खांब पक्का करून घेते. सिमेंटमध्ये गाडून."

"अर्ज द्यावा लागेल," मास्तर म्हणाले.

"मला सही येते. अर्ज येत नाही."

"मला येतो."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुकानातल्या टेबलावर बसून अर्ज लिहिला. अक्षर असं, की कापडावर खडूने आखावं तसं. दोन पानं. शेवटी त्यांनी स्वतःहून एक वाक्य घातलं: मधल्या फाटकातून कोणत्याही कारणास्तव कोणत्याही वाहनास प्रवेश मिळू नये. खडीबाईने खाली सही केली.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता, पण कटकटीला कंटाळलेला होता. "बाई, नियमात उचलता येणारा खांब बसतो. पक्का बसवला आणि उद्या काही अडीअडचण आली तर?"

"अडीअडचण गाड्यांच्या रस्त्यावर येते, साहेब," खडीबाई म्हणाली. "इथे येत नाही."

साहेब क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. तिचा नवरा कसा गेला हे त्यांना माहीत होतं. शिवाय दर महिन्याला कुलपाची तक्रार ऐकून त्यांचेही कान किटले होते. त्यांनी सही केली. आठवड्यात गवंडी आला. खांब दोन फूट खोल काँक्रीटमध्ये गाडला गेला. टेंपोवाले दोन-तीन दिवस येऊन बघून गेले, शिव्या घालून परत फिरले. रस्ता पुन्हा सारखा झाला. मास्तर वाकलेलं चाक बदलून पुन्हा येऊ लागले. ते पाच महिने खडीबाईच्या आयुष्यातले सगळ्यांत निवांत महिने होते, असं लेक पुढे सांगायची.

त्या दिवशी बुधवार होता. आदल्या दिवशी खडीबाईने सहाव्या किलोमीटरपासून सातव्यापर्यंत नवी कच पसरली होती. अजून रोलर फिरायचा होता. सकाळी ती त्याच पट्ट्यात दाताळं मारत होती. आठ वाजले, सव्वाआठ झाले, मास्तर आले नाहीत. दुकानात घाईचं काम असेल, तिने मनाशी म्हटलं. आणखी पाच मिनिटांनी तिने दाताळं ठेवलं आणि शहराच्या दिशेने चालायला लागली. पाय आपोआप भरभर पडत होते.

खिंडीच्या तोंडाशी सायकल आडवी दिसली. मास्तर चराच्या कडेला बसले होते, एक हात छातीवर, दुसऱ्याने गवत घट्ट धरलेलं. कपाळावरून घाम धारांनी वाहत होता.

"पुन्हा तेच," ते म्हणाले. "या वेळी जरा जोरात."

तिने फोन लावला. रुग्णवाहिकेच्या माणसाने जागा विचारली. ती म्हणाली, "सायकलींचा रस्ता. मधलं फाटक, सातवा किलोमीटर. तिथून जवळ पडेल." हे तिने एका दमात सांगितलं. जवळ तेच होतं, सव्वा किलोमीटरवर. शहराचं टोक पावणेसहा किलोमीटर लांब, आणि त्या फाटकाच्या किल्ल्या तिच्याच कमरेला. ऑफिस दहाला उघडणार. हे सगळं तिला फोन ठेवल्यावर एकेक करून आठवत गेलं, आणि सगळ्यांत शेवटी आठवला तो खांब.

 कुणीतरी येईल म्हणून तिने दोन्हीकडे पाहिलं. आठवड्याच्या मधल्या दिवशी त्या वेळेला कुणी येत नसे. तिला नेमकं तेच आवडायचं.

मास्तरांचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली. त्यांच्या खिशात गोळ्या होत्या, एक तिने जिभेखाली ठेवली. वीस मिनिटांनी फोन वाजला. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर ओरडत होता, "अहो, इथे खांब आहे मधे! किल्ली कुठंय?"

"त्याला किल्ली नाही," खडीबाई म्हणाली.

"किल्ली नाही म्हणजे?"

"गाडलेला आहे."

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग दुसरा आवाज आला, "बाई, आम्ही स्ट्रेचर घेऊन पळत येतो. पण लांब आहे. तुमच्याजवळ काही असेल तर त्यांना पुढे घेऊन या. एकेक मिनिट महत्त्वाचं आहे."

तिच्याजवळ ढकलगाडी होती, पण ती तिकडे, कामाच्या जागी. ती धावत गेली, धावत आणली. मास्तर अंगाने किडमिडीत, तरी त्यांना उचलून गाडीत घालताना तिच्या कमरेतून कळ निघाली. तिने आपलं जाकीट काढून त्यांच्या डोक्याखाली घातलं. पाय बाहेर लोंबत होते. ती ढकलायला लागली.

पहिले अडीचशे मीटर घट्ट रस्ता होता. चाक गडगडत गेलं. मग तिने काल पसरलेली नवी कच सुरू झाली, चार बोटं जाडीची, सुटी. चाक रुतलं. तिने जोर लावला, चाक आणखी रुतलं. ती उलटी फिरली आणि गाडी मागे ओढत चालू लागली. एकेक पाऊल मागे, टाचा कचेत घुसत. मास्तर डोळे मिटून होते. एकदा उघडले. "बाई," ते म्हणाले, "दमलात. थांबा जरा." तिने आणखी एक पाऊल मागे टाकलं. नंतर ते काही बोलले नाहीत.

स्ट्रेचरवाले दोघे समोरून पळत येताना दिसले तेव्हा ती नव्या कचेत दोनशे पावलं आली होती. त्यांनी मास्तरांना तिथेच खाली घेतलं, छातीवर दाबायला सुरुवात केली. दाबत, थांबत, उचलत, पळत ते फाटकापर्यंत गेले. सायकलच्या फटीतून स्ट्रेचर जाईना. तिरकं करावं लागलं. खडीबाईने खांबाच्या एका बाजूने मास्तरांचे पाय धरले होते.

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी दहा मिनिटांत बाहेर येऊन मान हलवली.

खडीबाई बाकावर बसून होती. दोन्ही हातांच्या तळव्यांची सालं निघालेली. तिने त्यांना एकच विचारलं, "गाडी सरळ आत आली असती तर?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. खोटं बोलायला अजून शिकल्या नव्हत्या. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "वाचलेही असते. नसतेही."

कुणी 'हो' म्हटलं असतं किंवा 'नाही' म्हटलं असतं, तर त्याला धरून बसता आलं असतं. ही दोन वाक्यं मात्र तिला कुठेच टेकू देईनात.

दुसऱ्या दिवशी ती घण घेऊन सातव्या किलोमीटरला गेली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. तळव्यांना फडकी बांधली आणि खांबाच्या बुडाशी घाव घालायला लागली. गवंड्याने काम चोख केलं होतं. तिनेच त्याच्या उरावर बसून करून घेतलं होतं. दिवसभरात वीतभर काँक्रीट फुटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी खांब हलला, कलला आणि पडला. चौथ्या दिवशी तिला नोटीस आली. सरकारी मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल खुलासा करावा.

लेकीने नोटीस वाचून दाखवली आणि तिला हसू आवरेना. हसता हसता ती रडायला लागली. "बसवला म्हणूनही तूच, पाडला म्हणूनही तूच!"

चौकशी साहेबांच्याच ऑफिसात झाली. वरून आलेला अधिकारी, साहेब, एक कारकून आणि समोर खडीबाई. साहेब तिच्या नजरेला नजर देत नव्हते. त्यांनी स्वतःचा बचाव आधीच लिहून दिला होता: खांब देखभाल करणाऱ्या कामगाराच्या आग्रही मागणीवरून बसवला. टाचणी लावलेला अर्ज अधिकाऱ्याने समोर सरकवला.

"ही सही तुमची?"

"माझी."

"'कोणत्याही कारणास्तव कोणत्याही वाहनास प्रवेश मिळू नये.' हे तुम्ही लिहिलंत?"

ते अक्षर तिच्यासमोर होतं. प्रत्येक ओळ सरळ, प्रत्येक शब्द उसवणार नाही असा. तिच्या मनात आलं, हे बाहेर गेलं तर उद्या वर्तमानपत्रात येईल की मेलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःची वाट बंद केली. लोक हसतील. त्याची बायको ते वाचेल.

"मी लिहिलं," ती म्हणाली.

कारकुनाने हजेरीपट पुढे केला. तिथली तिची सही, लहान मुलाने काढावी तशी. अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले. "बाई, हे अक्षर तुमचं नाही."

"मी सांगितलं, कुणीतरी लिहिलं. सांगितलं मी."

"कुणी लिहिलं?"

"आठवत नाही."

अधिकाऱ्याने खूप खोदून पाहिलं. तिने तोंडाला कुलूप घातलं ते घातलं. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही सहकार्य करत नाही असं मला लिहावं लागेल." ती म्हणाली, "लिहा." साहेबांनी त्या वेळी पहिल्यांदा वर पाहिलं. दुकानाची पाटी मास्तरांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली होती आणि साहेबांचे शर्ट तिथेच शिवले जात. त्यांनी ते अक्षर ओळखलं होतं, हे तिला दिसलं. पण त्यांनीही तोंड उघडलं नाही. त्यांच्याबद्दल तिच्या मनात जो राग होता त्यातला निम्मा तिथेच गळून पडला.

निकाल दीड महिन्याने लागला. दोन वेतनवाढी रोखल्या आणि बदली. पुन्हा हमरस्त्याच्या टोळीत. सायकलींच्या रस्त्याला कंत्राटी माणूस नेमला जाईल, मधल्या फाटकावर उचलता येणारा खांब बसवला जाईल.

नव्या कामावर रुजू होण्याच्या आदल्या दिवशी ती मास्तरांच्या दुकानात गेली. इतके दिवस ती त्या गल्लीच्या वाटेला गेली नव्हती. बायको मशीनवर होती. तिने वर पाहिलं, शिवण पूर्ण केली, मगच मशीन थांबवलं आणि दोरा तोडला.

"बसा," ती म्हणाली.

खडीबाई उभीच राहिली. बोलायचं म्हणून तिने वाटेत बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. "खांब मी बसवून घेतला होता," ती म्हणाली.

"माहीत आहे. अर्ज यांनी लिहिला, तेही माहीत आहे."

खडीबाईची नजर इस्त्रीच्या टेबलाकडे गेली.

"याच टेबलावर लिहिला," बायको म्हणाली. "मला वाचून दाखवला. ते शेवटचं वाक्य त्यांना फार आवडलं होतं. दोनदा वाचलं. मीच म्हटलं, छान झालंय." तिने कापडाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "तुम्ही चौकशीत नाव घेतलं नाहीत. साहेब सांगून गेले. उगाच सोसलंत. मला काय वाटलं असतं याची तुम्हाला काळजी, पण मला जे वाटायचं ते रोज वाटतंच आहे."

 बाहेर गल्लीतून कुणीतरी पत्र्याचा डबा ओढत नेत होतं.

"चौदा महिने ते माणसात आले होते," बायको म्हणाली. "त्याच्या आधीचं वर्ष भिंतीकडे तोंड करून काढलं होतं. ते मी विसरलेली नाही. पण तुम्ही आता येऊ नका. तुम्हाला पाहिलं की मला तो माणूस ढकलगाडीत दिसतो. मी तो पाहिलेला नाही, तरी दिसतो."

"नाही येत," खडीबाई म्हणाली.

ती निघाली तेव्हा बायकोने पुन्हा मशीन सुरू केलं होतं, पण दोरा ओवलेला नव्हता. सुई नुसतीच खाली-वर होत होती.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. कंत्राटी माणूस महिनाभर आला, मग येईनासा झाला. नव्या खांबाचं कुलूप पंधरा दिवसांत तुटलं आणि या वेळी भांडायला कुणी नव्हतं. टेंपो सुरू झाले, मागोमाग ट्रॅक्टर. कच उडाली, खालची जुनी खडी वर आली. सायकलवाले आधी कमी झाले, मग बंदच झाले. हे सगळं लेकीला दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून कळायचं. पहिल्यांदा तिने घरी सांगितलं तेव्हा खडीबाईने ताट बाजूला सारलं. त्यानंतर लेकीने सांगणं सोडून दिलं.

खडीबाई स्वतः तिकडे एकदाही गेली नाही. निवृत्तीला साडेचार वर्षं होती, ती तिने हमरस्त्यावर काढली, गटारं उपसत आणि खड्डे बुजवत. टोळीतल्या नव्या पोरी तिची नक्कल करायच्या, कारण हॉर्न वाजला की ती अजूनही दचकायची. कामात मात्र तिला कुणी नाव ठेवू शकलं नाही. तिने बुजवलेला खड्डा दोन पावसाळे टिकायचा. मुकादम तिला वळणावरच्या, धोक्याच्या जागा द्यायचा नाही. एकदा तिने स्वतःच तशी जागा मागून घेतली. त्याने कारण विचारलं.

"कुणीतरी करायलाच हवं," ती म्हणाली, आणि घमेलं उचलून चालू लागली.